तोंडची वाफ आणि मशीनची वाफ

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तर साफसफाई अगदी जोरात! बाथरूमच्या फरशीचे सांधे काळे पडले होते, म्हणून आईने आधी ॲसिड ओतलं. डाग हलेनात, म्हणून वरून ब्लीचिंग पावडर टाकली. दोन मिनिटांत ती खोकत खोकत बाहेर आली, डोळ्यांतून घळाघळा पाणी. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, हे मला चांगलं माहीत होतं. पण मी त्या वेळी हॉलमध्ये सोफ्यावर लोळून मॅच बघत होतो. खिडकी उघडी होती म्हणून निभावलं. तासाभराने आईला बरं वाटलं. मला मात्र दिवसभर वाटलं नाही.

रात्री जेवताना बाबा म्हणाले, "ते वाफेने साफ करायचं मशीन मिळतं ना, ते घेऊन टाकू. तू इंजिनिअर, तूच निवड." झालं! दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दुकानात.

सेल्समन फार उत्साही होता. "मॅडम, हा ३ बारचा आणि हा ५ बारचा. ५ बार म्हणजे जवळजवळ डबल पॉवर!" मी उगाच जाणकारासारखी मान डोलावली. आईने विचारलं, "बार म्हणजे काय रे?" म्हटलं, "प्रेशर." "मग आपल्या कुकरमध्ये किती असतं?" मी गप्प. थर्मोडायनॅमिक्समध्ये बरे मार्क पडलेला मुलगा कुकरचं प्रेशर सांगू शकला नाही! (साधारण १ बार, तेही बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा जास्तीचं. म्हणून आतलं पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं.) आम्ही काही न घेता परत आलो आणि मी बॅगेतलं स्टीम टेबल बाहेर काढलं. परीक्षा नसताना ते उघडण्याची ही माझी पहिलीच वेळ.

मित्रहो, तुम्हीही एकदा उघडून बघा. ३ बार गेज प्रेशरची वाफ सुमारे १४४ अंशांची असते, ५ बारची सुमारे १५९ अंशांची. ऐकायला भारी वाटतं. पण दर किलो वाफेतली उष्णता पाहिली तर दोघींत फरक फक्त १८ किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही! खरी ताकद आहे ती २२५७ किलोज्यूलच्या लेटंट हीटमध्ये. (मराठीत तिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात, हे माझ्या रूम पार्टनरने सांगितलं. नाव एकदम पटलं.) वाफ गार फरशीला लागते, तिचं पाणी होतं आणि ही लपलेली उष्णता तिथे सुटते. मोदकपात्राचं झाकण काढताना हात भाजलेल्या कुठल्याही आजीला हे स्टीम टेबल न बघता कळतं.

म्हणजे बार बिनकामाचा का? तसं नाही. फटीतला मळ ढकलून काढायला जोर लागतोच. पण उष्णता किती मिळणार हे वॉट ठरवतात. १५०० वॉटचं मशीन ३० अंशांच्या पाण्यापासून मिनिटाला जास्तीत जास्त ३५ ग्रॅम वाफ सतत करू शकतं. एक लिटरची टाकी जेमतेम अर्धा तास पुरते. हातात धरायचं छोटं मशीन १००० वॉटचं आणि टाकी पाव लिटरची असेल, तर दहा मिनिटांत खेळ खल्लास. गॅसची शेगडी, नळ, बेसिन यांना ते पुरे. अख्ख्या घराच्या फरशीला नाही.

आणखी चार गोष्टी बघाव्यात. १५०० वॉट म्हणजे साडेसहा ॲम्पिअर, तेव्हा ६ ॲम्पिअरचा साधा सॉकेट नको, १६ ॲम्पिअरचा पॉवर पॉइंट हवा. तो बाथरूमपासून किती लांब आहे आणि वायर तिथपर्यंत पोचते का, हे आधी मोजावं. बंद बॉयलरचं मशीन असेल तर पाणी संपल्यावर प्रेशर उतरेपर्यंत झाकण उघडायचं नाही, कुकरसारखंच. आणि बोअरचं पाणी वापरलंत तर आत क्षार साचणार, तेव्हा ते काढायची सोय आहे ना, तेही विचारावं.

वाफ म्हणजे जादू नव्हे. तेल, चिकटा, काळे सांधे यांवर ती चालते. नळाजवळचे पांढरे क्षाराचे डाग तिने जात नाहीत. त्याला व्हिनेगरच लागतं. स्विचबोर्डाजवळ तर ती न्यायचीच नाही. आणि झाडू मारल्यासारखं मशीन भराभरा फिरवलं, तर जंतू मरत नाहीत, नुसते ओले होतात. तापमानाला वेळही द्यावा लागतो. नोझलपासून वीतभर अंतरावर उरतं ते फक्त कोमट धुकं.

आता आपल्या हॉस्टेलकडे वळू, कारण ढेकूण हा आपला राष्ट्रीय प्रश्न आहे! ढेकूण आणि त्याची अंडी ५० अंशांच्या वर फार टिकत नाहीत. औषधाच्या फवाऱ्याला दाद न देणारे ढेकूणही वाफेला दाद देतात. मात्र इथे जोराचा झोत उलट नडतो, ढेकूण उडून शेजारच्या कॉटवर जातात! रुंद तोंडाचं नोझल, कमी झोत आणि गादीच्या शिवणीवरून गोगलगायीची चाल. मग गादी उन्हात. आपल्याला रूममध्ये हीटर लावायची परवानगी नाही, आणि ते बरोबरच आहे. पण प्रत्येक हॉस्टेलला एक चांगलं मशीन आणि ते वापरायला शिकवलेला एक माणूस, एवढं रेक्टर सरांनी मनावर घ्यायला काय हरकत आहे?

शेवटी आम्ही ३ बारचं, १५०० वॉटचं मशीन घेतलं. बॉक्स उघडताना आई म्हणाली, "म्हणजे आता हे पण मीच शिकायचं!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. खरं सांगायचं तर बार, वॉट, लिटर या सगळ्याच्या आधी विचारायचा प्रश्न हाच होता: मशीन चालवणार कोण? तो सेल्समनने विचारला नाही, बाबांनी नाही आणि मीही नाही. आम्ही दोघांनी आपापल्या तोंडची वाफ भरपूर दवडली, बाथरूम मात्र आईच घासत होती.

सध्या ठरलंय असं: मी घरी असेन तेव्हा मी, एरवी बाबा. दिवाळीत मी बाथरूमचे सांधे साफ केले. चाळीस मिनिटं लागली, पाठ दुखली आणि कोणीही खोकलं नाही.