नोंद बदलली, पगार कापला!

साथींनो, समजा, रायपूरच्या चौबे कॉलोनीत राहणारे आपले एक बंधू तेथील वॅगन दुरुस्ती कारखान्यात कामाला आहेत. निवृत्तीला आठ महिने उरले आहेत. एके दिवशी कार्यालयात कोणीतरी संगणकावर त्यांच्या जुन्या वेतननिश्चितीची नोंद बदलतो. त्याच क्षणी यंत्रणा नवे मूळ वेतन मांडते, मागील सहा वर्षांची 'जादा रक्कम' काढते आणि वसुलीचा पहिला हप्ता पगारात लावते. आपल्या बंधूंना हे कळते पगारपत्रक पाहिल्यावर!

माहितीसाठ्यातील एक नोंद बदलली की पुढचे काम आपोआप सुरू होते. संगणकाच्या भाषेत हा 'ट्रिगर'. ही सोय मुळात वाईट नाही. कोणी आरक्षण रद्द केले की प्रतीक्षा यादी पुढे सरकते, त्यात प्रवाशांचे व आपलेही हितच आहे. रेल्वेत २०२० पासून पास व भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज एचआरएमएसवर आले. टपाल खात्याची नवी प्रणाली २०२५ मध्ये देशभर लागू झाली. आमचा संगणकाला विरोध नाही. परंतु सेवापुस्तिकेतील नोंदीखाली सही असे, तारीख असे, जाब विचारायला माणूस असे. आपोआप निघालेल्या वसुलीचा जाब कोणाला विचारायचा?

कायदा याबाबत स्पष्ट आहे. पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी निकाल दिला. प्रशासनाच्या चुकीने दिलेले जादा वेतन तृतीय व चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्त झालेल्या वा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून वसूल करता येत नाही. पाच वर्षांहून अधिक काळ दिलेल्या जादा वेतनालाही हेच लागू आहे. केंद्राच्या कार्मिक विभागाने २ मार्च २०१६ रोजी तसे परिपत्रक काढले. पण यंत्राला निकाल वाचता येत नाही. तो त्याच्या नियमांत कोणीतरी घालावा लागतो.

यंत्राचा आकडा हेच सत्य मानले की काय होते, हे ब्रिटनच्या टपाल खात्यात दिसले. १९९९ पासून बसवलेल्या 'होरायझन' प्रणालीने हिशेबात खोटी तूट दाखवली आणि नऊशेहून अधिक उपडाकपाल दोषी ठरले. त्यांची शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा व्हायला २०२४ साल उजाडले.

म्हणून आमच्या मागण्या अशा :

१. वेतन, रजा वा निवृत्तिवेतनावर परिणाम करणारी नोंद बदलण्यापूर्वी कर्मचाऱ्याला लेखी नोटीस मिळावी.

२. नोंद कोणी, केव्हा व कोणत्या आदेशाने बदलली, हे कर्मचाऱ्याला पाहता यावे.

३. सुनावणी व अधिकाऱ्याची सही यांवाचून कोणतीही वसुली सुरू होऊ नये.

साथींनो, आपल्या सेवानोंदीची प्रत आजच काढा, तारखा व वेतन तपासा. चूक दिसल्यास लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि शाखेला कळवा. यंत्र आपोआप चालेल, पण आपला हक्क आपोआप जपला जाणार नाही!