ठाऊक आमचं, गल्ला त्यांचा

हल्ली कोकणच्या खाड्यांत पाहुणे दिवसभर गळ टाकायला येतात. खुशाल यावं. पण मासा महागड्या काठीला लागतो, हा भ्रम सोडा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला साधारण सहाला भरती, बाराला सुकती. पाणी चढताना तांबोशी तिवरांच्या मुळांशी कधी येते, होडी कुठल्या चिखलात रुतेल, हे ज्याला ठाऊक, त्याला तुम्ही ‘बरोबरचा पोरगा’ म्हणता आणि हातावर मजुरी टेकवता. बाकीचे पैसे सहल विकणाऱ्या शेटचे! आंब्याचंही हेच झालं: झाड आमचं, भाव दलालाचा. निदान खाडीत तरी आधी वाटाड्याचा भाव त्यालाच विचारा, मग गळ टाका.