सपाट कॉकपिटची बाजू

फ्लाइट सिम्युलेटर उडवणाऱ्या लोकांत (त्यांच्यासमोर चुकूनही "खेळणाऱ्या" म्हणू नका, तासभर ऐकून घ्यावं लागेल) एक पंक्तिप्रपंच पूर्वीपासून चालत आलाय. थ्रीडी कॉकपिटमधून उडवतो तो खरा वैमानिक, त्याचं पान माजघरात. टूडी पॅनेल लावून बसतो तो नवशिका, त्याने ओसरीवर जेवावं. आता तर टूडीवाल्यांचं पान मांडणंच बंद झालंय. हा सगळा प्रकार मला साफ नामंजूर आहे. खऱ्यासारखं दिसणं आणि खऱ्यासारखं वागणं या दोन गोष्टींची यात सरळसरळ गल्लत केलेली आहे.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टूडी म्हणजे पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात विमानाच्या डायलांचं सपाट चित्र आणि वर खिडकी. चित्र हलत नाही, प्रत्येक डायल ठरल्या जागी. थ्रीडी म्हणजे आख्खं कॉकपिट त्रिमितीत उभं केलेलं, माऊसने किंवा जॉयस्टिकच्या टोपीने मान फिरवायची, वर पाहिलं की छत, मागे पाहिलं की सीटा. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये २००३ साली आलेल्या आवृत्तीपासून थ्रीडीतली बटणं दाबताही येऊ लागली. २००६ च्या एफएसएक्समध्ये एफ-९ दाबलं की थ्रीडी, एफ-१० दाबलं की सपाट. एका बटणाचं अंतर. ज्याला जे हवं ते घ्या, भांडण संपलं. मग २०२० साली नवा सिम्युलेटर आला, ढग असे की तासन् तास बघत बसावं, आणि सपाट पॅनेल मुळातच गायब. २०२४ च्या आवृत्तीतही ते परत आलेलं नाही. "२०व्या शतकातली गोष्ट गेली, बरं झालं" असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी थोडं गणित करू.

२४ इंची मॉनिटर घ्या. रुंदी साधारण ५३ सेंटीमीटर. तुम्ही ६० सेंटीमीटरवर बसलात तर तो तुमच्या डोळ्यांसमोर जेमतेम ४८ अंशांचा कोन व्यापतो. माणसाला आडवं दिसतं जवळपास २०० अंश. म्हणजे थ्रीडी कॉकपिट खऱ्या मापात दाखवायचं तर तुम्ही ते किल्लीच्या भोकातून बघताय. ते नको म्हणून सगळेच झूम मागे नेतात, समजा ९० अंशांवर. आता खिडकी, पॅनेल सगळं मावतं, पण प्रत्येक वस्तू तिच्या खऱ्या मापाच्या निम्म्याहूनही लहान होते. छोट्या विमानातलं नेहमीचं डायल सव्वातीन इंचांच्या आतबाहेर असतं, खरा वैमानिक त्याच्यापासून ७० सेंटीमीटरवर असतो असं धरू. तुमच्या पडद्यावर ते उरतं ३ सेंटीमीटर. फुल एचडी पडद्यावर शंभरेक पिक्सेल. अल्टिमीटरच्या तबकडीवर २० फुटांची एक अशा ५० रेघा असतात, म्हणजे एका रेघेच्या वाट्याला सहा पिक्सेल, तेही तबकडी तिरकी दिसत नसेल तर. नेमक्या उंचीवर विमान धरून दाखवा म्हणावं! सपाट पॅनेलवर तेच डायल दोन-अडीचशे पिक्सेलचं काढता येतं, कारण तिथे खऱ्या अंतराशी इमान राखायची सक्ती नसते.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अरे मग झूम कर ना." करतो. अल्टिमीटरवर झूम केलं की कृत्रिम क्षितिज पडद्याबाहेर. क्षितिजावर गेलो की वेगाचा काटा बाहेर. खरा वैमानिक सहा डायलांवरून नुसती नजर फिरवतो, मान हलतही नाही. तेच तुम्ही माऊस ओढत केलंत तर तुम्ही शिकताय काय? कॅमेरा चालवायला.

आणि सपाट म्हणजे पोरखेळ हे कुणी ठरवलं? एडविन लिंकने १९२९ च्या सुमारास पहिला नावाजलेला ट्रेनर बनवला. झाकण लावलं की बाहेरचं काहीही दिसत नसे, फक्त डायलं आणि कानात शिक्षकाचा आवाज. १९३४ साली अमेरिकेत टपालाची विमानं लष्कराकडे सोपवली गेली, वाईट हवेत वैमानिक मरू लागले, आणि लष्कराने घाईघाईने सहा लिंक ट्रेनर विकत घेतले. देखावा शून्य, उपयोग जीव वाचवण्याइतका. आजही एअरलाइनचा नवा वैमानिक कोट्यवधींच्या हलत्या सिम्युलेटरमध्ये पहिल्या दिवशी जाऊन बसत नाही. आधी टचस्क्रीनवर सपाट मांडलेल्या पॅनेलसमोर बसतो, आणि त्याच्याही आधी घरी भिंतीवर कॉकपिटचं पोस्टर चिकटवून बोटाने बटणांचा क्रम पाठ करतो. कागदाचं कॉकपिट! याहून सपाट काय असणार?

"एवढं काय त्या काट्यांचं" म्हणणाऱ्यांसाठी एक मुंबईतली गोष्ट. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेलं एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' हे ७४७ वांद्र्यासमोर समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. पुढे अरबी समुद्र, वर काळोख, बाहेर क्षितिज नाही. कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज उजवीकडचा कल दाखवत अडकलं आणि विमान प्रत्यक्षात डावीकडे कलंडत गेलं. इतर उपकरणांच्या आधारे ते सावरता आलं नाही, असा निष्कर्ष निघाला. त्या कॉकपिटमधल्या माणसांना घरी खुर्चीत बसून शहाणपणा शिकवायचा मला काहीएक अधिकार नाही. पण एक डायल खोटं बोलत असताना उरलेल्यांना विचारायचं असतं, आणि त्यासाठी ती सगळी एकाच वेळी डोळ्यांसमोर हवीत, एवढं तर त्यातून दिसतंच. (को-पायलटसमोरचं क्षितिज कॅप्टनच्या सपाट पॅनेलवर नसतं, तिकडे मान वळवायला थ्रीडीच लागेल. हा मुद्दा माझ्या विरुद्ध जातो, जाऊ दे.)

थ्रीडी कुठे हवंच हवं तेही सांगतो, नाहीतर मीच उलटा पंक्तिप्रपंच केल्यासारखं होईल. स्वच्छ हवेत छोट्या विमानाने धावपट्टीभोवती चौकोनी फेरी मारून उतरायचं असेल तर सपाट पॅनेल कुचकामी आहे. धावपट्टी डाव्या खांद्यामागे कुठेतरी असते, तिच्यावर नजर ठेवून वळायचं असतं. टूडीत टोपी दाबली की नजर ४५ अंशांच्या उड्या मारते, मध्ये पॅनेल नाहीसं होतं, कुठे होतो आणि कुठे आलो याचा धागाच तुटतो. थ्रीडीत, त्यातून डोक्याची हालचाल टिपणारा ट्रॅकआयआर असेल तर, हे इतकं सहज जमतं की टूडीचं नाव काढू नये. ढगात शिरलात की मात्र खिडकीत बघायला असतं काय? पांढरं. जुन्या सिम्युलेटरांत त्यासाठी "आयएफआर पॅनेल" नावाची सोय होती, पॅनेल वर सरकून खिडकीचा मोठा भाग झाकून टाकायचं. कुणीतरी नीट विचार करून केलेली होती ती.

आता माझ्या धंद्यातला मुद्दा. २०२० च्या सिम्युलेटरमध्ये उजवं ऑल्ट दाबून काचेच्या डिजिटल स्क्रीनवर क्लिक केलं की ती सुटी खिडकी होऊन बाहेर येते. गोल काट्यांच्या डायलांचं बहुतेक विमानांत तसं होत नाही, कारण ती आता चित्रं नाहीतच. काटा हा त्रिमितीतल्या मॉडेलचा एक हलणारा तुकडा आहे, मॉडेलमधून उपटून वेगळा दाखवता येत नाही. मग लोक काय करतात? सिमकनेक्टमधून उंची, वेग वगैरे आकडे बाहेर काढतात, एअर मॅनेजरसारखं सॉफ्टवेअर विकत घेतात, आणि दुसऱ्या मॉनिटरवर सपाट डायलं काढून बसतात! जे फुकट मिळत होतं ते वेगळे पैसे आणि वेगळा मॉनिटर लावून परत आणायचं, आणि वर "होम कॉकपिट" म्हणून मिरवायचं. ज्याच्याकडे एकच लॅपटॉप आहे, आणि आपल्याकडे बहुतेकांकडे तोच असतो, त्याने काय करावं याचं उत्तर कुणी देत नाही. सगळ्या जुन्या विमानांची सपाट पॅनेलं काढत बसा असं मी म्हणत नाही, तो खर्च मला कळतो. सहा डायलांचं एक साधं पॅनेल, कुठल्याही छोट्या विमानावर चालेल असं. आकडे तर आत आधीच तयार आहेत.

व्हीआर चष्मा लावला की सगळं सुटतं, असंही ऐकवलं जातं. कोनाचा प्रश्न सुटतो, खरंय. मग कागदावरचा नकाशा बघायला चष्मा कपाळावर चढवायचा, पेन्सिल चाचपडायची... असो.

पटत नसेल तर करून बघा. जुनी काट्यांची सेस्ना १७२ घ्या, ४००० फुटांवर दाट ढगात न्या, आणि फेल्युअरच्या मेनूतून व्हॅक्यूम पंप कधीतरी अचानक बंद पडेल असं लावून ठेवा. कृत्रिम क्षितिज आणि दिशेचं डायल हळूहळू मरतील, टर्न कोऑर्डिनेटर विजेवर चालतो म्हणून खरं बोलत राहील. एकदा एफएसएक्समध्ये एफ-१० दाबून उडवा, एकदा एफ-९ दाबून. दोन्ही वेळा लबाडी कितव्या मिनिटाला लक्षात आली ते लिहून ठेवा, आणि मग मला सांगा ओसरीवर कुणी जेवायचं ते.