गगनयान आणि उद्यमनगर

भारतीय अंतराळवीरांना अवकाशात नेणाऱ्या गगनयानाला उशीर झाला म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत. १५ ऑगस्ट २०१८ ला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून २०२२ ची मुदत सांगितली होती. ती टळली, हे बरेच झाले. उपग्रह गेला तर पैसा जातो. इथे प्रश्न जिवांचा आहे. म्हणूनच २१ ऑक्टोबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून आधी सुटकेची यंत्रणा तपासली गेली: रॉकेट बिघडले तर अंतराळवीरांची कुपी वेगळी काढून पॅराशूटने समुद्रात उतरवणारी. भारताचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर राहून आले, पण अमेरिकी यानातून.

गगनयानात कोल्हापूरचा वाटा किती? ते वाहून नेणाऱ्या एलव्हीएम-३ रॉकेटची ‘विकास’ इंजिने विक्रोळीत गोदरेज बनवते, बूस्टरची आवरणे वालचंदनगरलाही घडतात. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगरातले ओतकाम मात्र मुख्यतः मोटारी, पंप आणि ट्रॅक्टरचे. हात कसबी आहेत, यात वाद नाही. पण अवकाशाच्या कामात प्रत्येक नगाची धातूपासूनची नोंद ठेवावी लागते, एक्स-रे काढावा लागतो. तो खर्च एकट्या फाउंड्रीला झेपत नाही. उद्योजक संघटना आणि शिवाजी विद्यापीठाने मिळून त्या दर्जाची सामाईक प्रयोगशाळा उभारण्याचे मनावर घ्यावे.