रंगीबेरंगी बटणं आणि आमचा दादा

घरी आर्केड कॅबिनेट बनवायचं डोक्यात घेतलेला माणूस सगळ्यात आधी काय विचारतो? स्क्रीन किती इंची? जॉयस्टिक कुठली? प्लाय किती जाड? छे! त्याचा पहिला प्रश्न असतो, "बटणांत लाइट कुठले टाकू?" मीही त्यातलाच. पण सहा महिन्यांचे शनिवार-रविवार या पेटाऱ्यात घातल्यावर माझं एक मत पक्कं झालंय. रंग बदलणारी बटणं जरूर घ्या, पण रंगांसाठी घेऊ नका. ती विझवता येतात म्हणून घ्या.

कसं ते सांगतो. आधी थोडं खरेदीबद्दल, म्हणजे माझ्या चुका तुम्ही परत करणार नाही.

वायरी, रेझिस्टर, लग वगैरे सगळं पुण्यात तापकीर गल्लीतून आणलं, बटणं मात्र ऑनलाइन मागवली. त्यात तीन जाती आहेत. पहिली, आपोआप रंग बदलणारी. एलईडीच्या आतच चिमुकली चिप असते, दोन वायरी जोडल्या की काम झालं. स्वस्त आणि मस्त वाटतं. पण प्रत्येक चिपचं घड्याळ आपापल्या चालीनं चालतं. सगळी बटणं एकदम सुरू केली तरी काही मिनिटांत एक निळं, दुसरं जांभळं, तिसरं हिरवं! कॅबिनेटचा विसर्जन मिरवणुकीतला ट्रक होतो. शिवाय "बाबा रे, तू आता पिवळाच राहा" असं त्याला सांगायची काही सोयच नाही. बाद.

दुसरी जात चार पायांच्या आरजीबी एलईडीची. एक पाय कॉमन, बाकी तीन लाल, हिरव्या आणि निळ्याचे. इथे रेझिस्टरचं गणित करावं लागतं. लाल साधारण २ व्होल्ट खातो, हिरवा-निळा ३ च्या आसपास. ५ व्होल्टचा सप्लाय आणि १० मिलिअँपिअर करंट धरला तर लालला ३०० ओहम लागतात (बाजारात ३३० घ्या) आणि बाकीच्यांना २०० (म्हणजे २२०). आळस करून सगळ्यांना एकच रेझिस्टर लावलात तर पांढऱ्याऐवजी गुलाबी उजेड पडेल. घेण्याआधी कॉमन पाय प्लसचा आहे की मायनसचा, आणि एलईडी १२ व्होल्टचा आहे की ५ चा, हे विचाराच. दोन खेळाडूंची प्रत्येकी ८ बटणं आणि २ स्टार्टची, एकूण १८. गुणिले ३, म्हणजे नुसत्या लाइटच्या ५४ वायरी! यासाठी तयार बोर्ड मिळतात. अल्टिमार्कच्या 'आय-पॅक अल्टिमेट आय/ओ'ला एलईडीची ९६ आउटपुट आहेत. पैसे असतील आणि वेळ नसेल तर खुशाल घ्या.

तिसरी जात डब्ल्यूएस२८१२बीची. हिच्यात प्रत्येक एलईडीला स्वतःची अक्कल असते. ५ व्होल्ट, ग्राउंड आणि डेटाची एकच वायर, जी एका बटणातून दुसऱ्यात आगगाडीच्या डब्यांसारखी जात राहते. मी हीच घेतली. दोन गोष्टी सांभाळा. एक, पूर्ण पांढऱ्यावर एक एलईडी सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. १८ बटणांचे झाले एक अँपिअरच्या वर, आणि साधा यूएसबी २.० पोर्ट देतो ५००. तेव्हा ५ व्होल्टचा वेगळा सप्लाय लावा, आणि त्याचं ग्राउंड कंट्रोलरच्या ग्राउंडला जोडायला विसरू नका. (मी विसरलो. बटणं अंगात आल्यासारखी लुकलुकत होती.) दोन, या एलईडीला डेटा निदान ३.५ व्होल्टचा लागतो. आर्डुइनो नॅनो ५ व्होल्टचा, त्यामुळे माझं सरळ जमलं. पिको किंवा रास्पबेरी पाय ३.३ व्होल्टवाले, त्यांना मध्ये ७४एएचसीटी१२५ सारखी चिप लावलेली बरी.

आणि हो, लाइटच्या नादात बटण विसरू नका. १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये नुसतं दाबून बसवायचं बटण पकड घेत नाही, आट्यांचं आणि मागून नट लागणारंच घ्या. बटणाच्या स्विचच्या वायरी आणि लाइटच्या वायरी पूर्ण वेगळ्या ठेवा. लाइट गेला तरी ठोसा बसला पाहिजे!

असो. आता मुद्दा.

आमच्या गावात एसटी स्टँडच्या मागे व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. तिथला राजा होता 'मुस्तफा'. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', पण ते आम्हाला कुणाला माहीत होतं? पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफामुळे सगळा गेमच मुस्तफा. दादा कायम मुस्तफा घ्यायचा आणि मला उरलेला जाडा मेस. या गेमला बटणं दोनच, एक मारायचं आणि एक उडीचं. दोन्ही एकदम दाबली की जोरदार फटका, पण आपलीच थोडी एनर्जी जाते.

कॅबिनेट तयार झालं तेव्हा पहिला गेम दादाबरोबरच खेळायचा हे ठरलेलं होतं. तो आणि वहिनी रविवारी आले. मी माझी करामत दाखवायला उतावीळ. गेम सुरू होताना माझी स्क्रिप्ट त्याचं नाव आर्डुइनोला कळवते, आणि त्या गेमला लागणारी बटणं हिरवी होतात, बाकीची लाल. चालू ते हिरवं, बंद ते लाल. इंजिनिअरला याहून सोपं काय सुचणार? मुस्तफाला प्रत्येकाची दोन हिरवी, सहा लाल.

दादाने जॉयस्टिक धरली, बटण दाबलं. काही नाही. दुसरं दाबलं. काही नाही. तिसऱ्याला उडी! तेवढ्यात डायनोसॉर येऊन गेला. "अरे, तुझी बटणं खराब आहेत," दादा म्हणाला. मी ताडकन उठलो, मागचं दार उघडलं, मल्टिमीटर घेऊन एकेक वायर तपासली. सगळ्या ठणठणीत. परत बसलो, परत तेच.

"दादा, तू लाल का दाबतोयस? हिरवं दाब ना!"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मला सगळी पिवळटच दिसतायत रे. काही जरा फिकी आहेत, एवढंच."

तो एकविसाचा असताना एका सरकारी नोकरीच्या लेखी परीक्षेत पास झाला होता आणि मग ते बारगळलं. घरात "मेडिकलमध्ये अडकलं" एवढंच बोललं गेलं. मी तेव्हा शाळेत होतो. मला वाटायचं वजन वगैरे असेल. ते ठिपक्यांतले आकडे ओळखायची टेस्ट होती, हे मला त्या रविवारी, इतक्या वर्षांनी कळलं. तेही माझ्या हातात मल्टिमीटर असताना.

लाल-हिरव्याचा हा घोळ काही दुर्मीळ नाही. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत त्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के आहे, बायकांत जेमतेम अर्धा टक्का. गुणसूत्रांचा खेळ आहे, 'एक्स'वरून येतो. रस्त्यावरचा सिग्नल अशा माणसाला निभावता येतो, कारण लाल नेहमी वर असतो. म्हणजे रंग नाही कळला तरी जागा कळते. माझ्या कॅबिनेटवर मात्र रंगाशिवाय दुसरी खूणच नव्हती.

आणि ही खोड फक्त कॅबिनेटपुरती नाही हो. जेन्किन्समध्ये पूर्वी यशस्वी बिल्डचा गोळा निळा असायचा. आमच्या टीमने तो "बरा दिसत नाही" म्हणून प्लगिन टाकून हिरवा करून घेतला होता. लालच्या शेजारी हिरवा! आमच्यातल्या कुणाला तेव्हा काय दिसत होतं, हे आम्ही विचारलंच नाही.

त्या रात्रीच कोड बदलला. दहा ओळीही लागल्या नाहीत. आता जे बटण गेमला लागत नाही ते पूर्ण बंद, काळंठिक्कर. लागतं ते चालू. मारायचं निळं, उडीचं पिवळं, आणि त्यांच्या जागाही प्रत्येक गेममध्ये त्याच. पॅकमॅनला (१९८०) एकही बटण पेटत नाही, कारण त्याला फक्त जॉयस्टिक लागते. स्ट्रीट फायटर टूला (१९९१) सहा पेटतात, वरची तीन निळी ठोशांची, खालची तीन पिवळी लाथांची. लावल्या लावल्या नवखा पाहुणासुद्धा न विचारता खेळायला लागतो. सप्तरंगी लाटा फक्त कुणी खेळत नसताना चालतात.

"पण मग एवढ्या दीड कोटी रंगांचा उपयोग काय?" असं माझा एक मित्र म्हणालाच. मला विचाराल तर, खेळणाऱ्याला पुढे काय दाबायचं ते सांगणं हे लाइटचं काम. ते झाल्यावर शोभा.

तुम्ही बनवणार असाल तर एक सोपी चाचणी सांगतो. सगळ्या वायरी बांधून टाकायच्या आधी पॅनेल पेटवा, मोबाइलने फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. कुठली बटणं चालू आहेत ते त्यात ओळखता आलं, तर तुमचं काम चोख. नाही आलं, तर मल्टिमीटर बाजूला ठेवा. दोष वायरीत नाही.

दादा आता दर महिन्याला येतो. मुस्तफा अजूनही तोच घेतो. मी आपला मेस.