अर्ज दिला, आता थांबा



या अंकात कवितेच्या भाषेवर लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या अंकात बघू.

गेल्या महिन्यात चार दिवसांचा खाडा करून इस्लापूरला घरी गेलो. गोदीत ठेकेदाराकडं सुट्टी नसते, खाडा असतो. घरी बघतो तर आमच्या दोन पत्र्याच्या खोल्यांत दहा माणसं. पाच आमची, पाच मावशीची. मावशी म्हणजे मायची चुलतबहीण. ती, मावसा, दोन पोरं आणि म्हातारी सासू. गाव नांदेड जिल्ह्यातलंच. नाव लिहीत नाही. केस उभी आहे आणि त्यांची दीड एकर तिथंच पडलीय.

जयंतीची मिरवणूक कुठून न्यायची यावरनं तंटा झाला. तंटा मिटला असं सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुकानदारानं मीठ दिलं नाही. गिरणीवाला म्हणाला, पट्टा तुटला. पट्टा फक्त आपल्या दळणापुरता तुटला होता. मजुरीला बोलावणं बंद, रिक्षात बसवणं बंद, दूध बंद. दीड महिना असा काढला. मग एका रात्री गोठा पेटला. चार बकऱ्या आत होत्या. सकाळच्या एसटीनं ही पाच माणसं इस्लापूरला आमच्या दारात. पोरांचे शाळेचे दाखले मावशीनं पिठाच्या डब्यात घालून आणले होते. पीठ नव्हतंच.

घरात मॅट्रिक मी एकटा. तेव्हा अर्ज माझ्याकडं. गोदीत शेजारच्या टोळीतल्या बिहारी पोरांचेसुद्धा मनीऑर्डरपासून पीएफपर्यंत कागद मीच लिहितो, हात बसलेला आहे. विषय घातला : निवारा व संरक्षण मिळणेबाबत. खाली लिहिलं, आम्ही विस्थापित कुटुंब. घेऊन गेलो एका कचेरीत. साहेब नव्हते, कारकून होता. त्यानं चष्मा कपाळावर नेला.

‘विस्थापित लिहिलंय. धरण कोणतं?’

‘धरण नाही.’

‘मग पूर?’

‘पूर नाही. माणसं आली अंगावर.’

‘मग हे कुठल्या हेडात बसवू?’

बराच वेळ त्यानं हेड शोधलं. सापडलं नाही. पोच मात्र दिली, शिक्का मारून. म्हणाला, अर्ज दिला, आता थांबा.

बाहेर आल्यावर मावशीनं विचारलं, ‘थांबायचं म्हंजे काय करायचं रे बाप्पा?’

मला उत्तर आलं नाही. मुंबईला परत आल्यावर रात्रीच्या पाळीनंतर जे वाचता आलं ते वाचलं. त्यातलं लिहितो.

जगात आसरा मागणाऱ्यांसाठी एक करार आहे. १९५१ साली जिनिव्हात झाला. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगटातला असणं किंवा राजकीय मत, या पाचांपैकी एका कारणावरनं आपला छळ होईल अशी रास्त भीती ज्याला आहे आणि जो आपला देश सोडून बाहेर पडलाय, तो निर्वासित. त्याला परत त्याच आगीत ढकलू नये, असं तो करार सांगतो. जात हा शब्द त्यात नाही, समाजगटात ती बसवून घ्यावी लागते. भारतानं या करारावर सही केलेली नाही, १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. निर्वासितांसाठी वेगळा कायदाही देशात नाही. तरी माणसं आली, येत राहिली. १९५९ नंतर तिबेटी आले. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला १९७२ पासून त्यांची वसाहत आहे. अफगाणिस्तानातून, म्यानमारमधून येणारे दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित कचेरीत नाव घालतात.

नाव घातलं की त्यांना एक कागद मिळतो : अर्ज विचाराधीन आहे. तिथून थांबणं सुरू. हे थांबणं फार कष्टाचं आहे. कागद सतत जवळ ठेवायचा. मुदत संपायच्या आत नवा करून घ्यायचा. खोली बदलली, फोन नंबर बदलला तर कळवायचं, नाहीतर मुलाखतीचं बोलावणं दुसऱ्याच्याच हातात. घरात पोर जन्मलं तर त्याचं नाव चढवायचं. मग मुलाखत. मध्ये दुभाष्या. काय झालं, कधी झालं, कोण होतं, आधी काय, नंतर काय. पुन्हा विचारतील तेव्हा पुन्हा तेच सांगायचं. तारीख इकडची तिकडं झाली की माणूस खोटा ठरतो. ज्याच्या डोळ्यांदेखत घर जळतं त्यानं घड्याळ बघून ठेवायचं असतं काय? पण असतं, असं कचेऱ्या समजतात. नकार आला तर ठरल्या मुदतीत अपील. आणि या सगळ्या काळात पोट भरायचं कसं, तर कुठंतरी चोरून काम, अर्ध्या मजुरीवर. मुकादम जाणून असतो की हा तक्रार करणार नाही.

हे सगळं मी मावशीला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘मंग आमचं बी तेच की.’

तेच आहे. फरक एवढाच की तिनं देश ओलांडलेला नाही. तिनं फक्त शीव ओलांडली, आणि शीव ओलांडणाऱ्याला जिनिव्हाचा करार निर्वासित म्हणत नाही. ज्या वेशीवर आपल्या आज्या-पणज्यांनी येसकरकी केली, रात्र रात्र काठी घेऊन गाव राखलं, त्या वेशीबाहेर पडलेल्या माणसाला कुठल्याच रजिस्टरात नाव नाही.

इस्लापूरच्या माणसाला सीमा म्हणजे काय हे शिकवायला नको. जवळच सहस्रकुंडाला पैनगंगा कोसळते. आज पलीकडं यवतमाळ जिल्हा, अलीकडं नांदेड. १९४८ पर्यंत अलीकडं निजामाचं राज्य आणि पलीकडं वऱ्हाड. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीनं माणसं हीच नदी ओलांडून उमरखेडच्या बाजूला गेली. ते खरेखुरे निर्वासित, एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलेले. सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली, १७ तारखेला निजाम शरण आला आणि पळण्याची दिशा उलटी झाली. मग गरीब मुसलमान मारला गेला. सरकारनंच पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं सगळ्यात वाईट म्हणून जे चार जिल्हे सांगितले त्यात नांदेड आहे. आमची आजी तिच्या आईकडून ऐकलेलं सांगायची : दोन्ही वेळा महारवाड्याला कुणी विचारलं नाही तुम्ही कुणीकडं. दोन्ही बाजूंनी आपापलं ठरवून टाकलं.

फाळणीतसुद्धा हेच. पाकिस्तानातल्या अस्पृश्यांना बाहेर पडू देत नव्हते, कारण ते गेले तर झाडझूड आणि घाण कोण काढणार. जे कसेबसे इकडं आले त्यांना छावण्यांत मदत पोचत नव्हती. बाबासाहेब तेव्हा केंद्रात कायदामंत्री. डिसेंबर १९४७ मध्ये त्यांनी नेहरूंना पत्र लिहून या दोन्ही गोष्टी मांडल्या. म्हणजे पळून जाण्याच्या रांगेतही आपण शेवटी, आणि पोचल्यावर भाकरीच्या रांगेतही शेवटी. १९३१ साली मणिभवनात गांधींना त्यांनी तोंडावर सांगितलं होतं की मला मायभूमी नाही. आपण हे वाक्य पोस्टरवर छापतो. ते कचेरीच्या टेबलावर ठेवायचं वाक्य आहे.

आणि १९७८. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातच टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारलं. वस्त्या जळाल्या. माणसं रानात लपली, शहरांच्या झोपडपट्ट्यांत घुसली. नाव बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. साडेपंधरा वर्षं. तेव्हा गाव सोडून आलेल्यांची पोरं-नातवंडं नांदेडात, औरंगाबादेत, मुंबईच्या नाल्याकाठी आहेत. आपल्यातले कितीतरी जण तेच आहेत. त्यांच्या हातात कधी कुठला कागद आला नाही. नुसतं म्हटलं गेलं, कामधंद्यासाठी शहरात आले.

तेव्हा नव्हता, आज एक कायदा आहे. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा, २०१६ पासून सुधारलेला. आपण त्याचं नाव घोषणेत घेतो, वाचत नाही. मीही वाचला नव्हता. त्याच्या कलम ३ (१) (झेड) मध्ये लिहिलंय की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला घर, गाव, राहती जागा सोडायला भाग पाडणं हाच गुन्हा आहे. सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा वेगळा गुन्हा. म्हणजे कारकुनाला जे हेड सापडलं नाही ते कायद्यात छापलेलं आहे. मावशीच्या फिर्यादीत मात्र फक्त गोठा जळाल्याचं लिहिलं होतं. मीठ नाही, गिरणी नाही, गाव सुटलं हेही नाही. फिर्याद वाचून दाखवा, मग सही घ्या, प्रत लगेच द्या, हेही कायदाच पोलिसाला सांगतो. मावशीनं अंगठ्याच्या घाईत सही केली. प्रत तिसऱ्या खेपेला मिळाली. पुरवणी जबाब द्यायला मी तिच्याबरोबर गेलो तेव्हा बाकीचं चढलं.

आता थांबायचं म्हणजे काय करायचं, मावशीच्या प्रश्नाचं जमेल तसं उत्तर.

दोनशे पानी वही घ्यायची. गिरणी कुठल्या दिवशी बंद झाली, दुकानात कोण बसलं होतं, फोन कुणाचा आला, सगळं तारखेनिशी लिहायचं. लिहिता येत नसेल तर पोरानं लिहायचं. मावशीचा सातवीतला पोरगा लिहितो, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. जातीचा दाखला, फिर्यादीची प्रत, जळाल्याचा पंचनामा, प्रत्येक अर्जाची पोच, यांच्या तीन-तीन झेरॉक्स, तीन घरांत. पोच घेतल्याशिवाय अर्ज द्यायचा नाही. तपास डीवायएसपी दर्जाच्या अधिकाऱ्यानं करायचा, साठ दिवसांत दोषारोपपत्र जायचं. दिवस मोजायचे, साठाव्या दिवशी लेखी विचारायचं. जिल्हाधिकाऱ्यांकडून सात दिवसांत तातडीची मदत, त्यात अन्न, कपडे, निवारा येतो. आज एकेचाळिसावा दिवस आहे, पहिल्या सातांचं अजून काही नाही, म्हणून त्याचाही अर्ज गेलाय. आरोपीचा जामीन असेल तेव्हा फिर्यादीला कळवायला पाहिजे, तिचं म्हणणं ऐकायला पाहिजे : कलम १५ अ. संरक्षण, दुसरीकडं राहण्याची सोय, हेही त्याच कलमात. तारखेला जायचं भाडं, बुडालेली मजुरी, जेवण, नियम ११ प्रमाणे मागायचं. तिकिटं फेकायची नाहीत. मावसा तिकिटाची सुरळी करून कान कोरतो, त्याला ओरडावं लागतं.

हे सगळं करून न्याय मिळतोच असं मी कुणाला सांगणार नाही. दोषारोपपत्रानंतर दोन महिन्यांत खटला संपवावा असं कायदा म्हणतो. वाचून हसू नका.

कारण खरी परीक्षा थांबण्यातच असते. परवा गावातनं दोघं इस्लापूरला येऊन गेले. गोड बोलले. म्हणाले, पन्नास हजार घ्या, केस मागं घ्या, गाव तुमचंच आहे, गिरणी उद्यापासून चालू. कायद्यानं हा गुन्हा आपसात मिटत नाही हे त्यांनाही माहीत आहे. पण साक्षीदार उलटला की तो आपोआप मिटतो. मावसानं मला फोन केला. मी तावातावानं बोललो, बाबासाहेब काढले, स्वाभिमान काढला. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘तुमी तिकडं भाषण करता बाबू. मला तुझ्या मायच्या घरी पाच ताटं मोजून वाढून घ्यायला लागतेत.’

त्याला मी गद्दार म्हणणार नाही. कुणी म्हटलं तर त्याच्याशी माझं भांडण होईल. एकटा थांबलेला माणूस कधीतरी वाकतो, ते त्याच्या कण्याचं मोजमाप नव्हे. मोजमाप करायचं तर आपलं करा. गेल्या दोन वर्षांत आपण चार कविसंमेलनं घेतली, जळालेल्या वस्त्यांवर किमान तीस कविता छापल्या. त्यातल्या सहा माझ्या. त्या वस्त्यांपैकी एकाही केसच्या तारखेला आपल्यातलं कोणी कोर्टात बाकावर बसलं होतं का? मी नव्हतो. दोषारोपपत्र आलं की नाही हे आपल्याला ठाऊक नव्हतं. निकाल लागला, आरोपी सुटले, तेव्हा निषेधाचं पत्रक मात्र चोवीस तासांत निघालं.

म्हणून या अंकात चार पानं कमी आहेत. त्या पानांचा कागद आणि छपाई वाचवून आलेले पैसे मावशीच्या घरी ज्वारीला गेले. वर्गणीदारांपैकी कुणाची हरकत असेल तर कळवावं, पानांचे पैसे परत करू. मावसा अजून हो म्हणालेला नाही आणि नाहीही म्हणालेला नाही. मायनं त्याला सांगितलंय की ताटं ती मोजत नाही.

पुढच्या महिन्यात जामिनाची तारीख आहे. मावशीला तिचं म्हणणं मांडायचंय आणि आदल्या दिवशी तिच्याबरोबर बसून ते लिहायचंय. मी नंदीग्राम एक्स्प्रेसनं निघतोय, जनरल डब्यात. ज्याला कोर्टाचं मराठी वाचता येतं, वकिलाशी न दबता बोलता येतं आणि दोन दिवसांचा खाडा परवडतो, त्यानं रविवारी रात्रपाळी सुटल्यावर ग्रीन गेटच्या चहावाल्याकडं भेटावं. वही घेऊन यावी.