ब्लॉकचेन : किल्ली कुणाच्या हाती?

नाशिकरोडला नोटा छापल्या जातात, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ ची, करन्सी नोट प्रेस १९२८ ची. जलचिन्ह, धागा, क्रमांक, सगळा खटाटोप कागदावर विश्वास बसावा म्हणून. तरी तेलगीचा स्टॅम्प घोटाळा झालाच. इथलीच जुनी यंत्रं लिलावातून बाहेर गेली होती, असं तपासात पुढं आलं. म्हणजे पोखरली गेली ती माणसांची साखळी.

ब्लॉकचेनवाले म्हणतात, आता मधला माणूसच नको. हिशेबाची वही हजारो संगणकांवर, प्रत्येक पानावर आधीच्या पानाची खूण. एक आकडा बदलला तर पुढची सगळी पानं बिघडतात. हे खरं आहे. २००९ पासून चाललेल्या बिटकॉइनची मूळ वही आजवर कुणाला खोडता आलेली नाही.

मग पैसे बुडतात कसे? पुण्याचंच पाहा. ‘गेनबिटकॉइन’ने दरमहा १० टक्के परतावा, तोही १८ महिने, असं आमिष दाखवलं. (एवढं कोणता धंदा देतो, हे आपल्या मेनरोडवरच्या कापडवाल्याला विचारलं असतं तरी पुरे होतं!) २०१८ मध्ये सूत्रधाराला अटक झाली. पोलिसांनी मदतीला दोन सायबर तज्ज्ञ घेतले, त्यांतला एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी या दोघांनाच पकडलं. आरोप असा, की आरोपींच्या खात्यांतले बिटकॉइन त्यांनी तपासाच्या आडून स्वतःकडे वळवले. वही शाबूतच होती. किल्ली ज्याच्या हाती, माल त्याचा.

ही किल्ली म्हणजे साधारण बारा किंवा चोवीस शब्द. हरवले तर ‘पासवर्ड विसरलो’ म्हणायला तिथं बँकेची खिडकी नाही. किल्ली कंपनीकडे ठेवली तर भरवसा कंपनीवर. मुंबईच्या वझीरएक्सवर जुलै २०२४ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरचा दरोडा पडला आणि गिऱ्हाइकांचे पैसे महिनोन् महिने अडकले. क्रिप्टो हलाल की हराम, ते आलिमांना विचारा. अमानत कुणाकडे ठेवतोय, हे मात्र घरातच विचारायला हवं.

गोपनीयतेचा मुद्दा याहून नाजूक. लोकांना वाटतं बिटकॉइनचा व्यवहार गुप्त असतो. उलट, वही सगळ्यांना उघडी. फक्त नावाऐवजी अक्षर-आकड्यांचा पत्ता. तो पत्ता तुमचा आहे हे एकदा कळलं, की मागचं-पुढचं सगळं वाचता येतं, आणि ते पुसता येत नाही.

म्हणून सरकारी दाखल्यांबाबत सावध राहायला हवं. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये सुमारे ६५ हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम हाती घेतलं गेलं. खोटे दाखले रोखायला हे चांगलंच. पण अशा कामात वहीवर दाखल्याचा फक्त ‘ठसा’ जायला हवा. नाव, जात, पत्ता नव्हे. उद्या शाळेत वा सेतू केंद्रात असा क्यूआर कोड असलेला दाखला मिळाला, तर स्कॅन केल्यावर अनोळखी माणसाला नेमकं काय काय दिसतं, हे तिथंच मोबाइल काढून पाहा.

आणि व्हॉट्सअॅपवर कुणी ‘कॉइन’ची योजना घेऊन आला, पैसेही गेले, तर लाजेपायी दोन दिवस घालवू नका. १९३० वर लगेच फोन करा. बँकेतून निघालेली रक्कम वाटेत असेल तर रोखता येते. एकदा तिचं कॉइन झालं, की ती परत मिळवणं फार अवघड.